ओळख-कुंजी कशी वापरायची आणि तिच्या आधारे अनुक्रमण कसे वाचायचे

ओळख-कुंजी म्हणजे लक्षणांचे प्रश्न विचारत नमुन्याच्या नावापर्यंत नेणारी यादी. ती ‘मला माहीत नाही’ असे सहसा म्हणत नाही. तिच्यात नसलेला जीव तिच्यासमोर ठेवला, तरी ती बहुधा कुठल्या तरी नावाशी नेऊन सोडते. नवख्यांच्या बहुतेक चुका इथून सुरू होतात. नाव चुकले, की पुढची नोंद चुकते. एखाद्या जागेवर पाच वर्षांत कोणत्या प्रजाती आल्या आणि कोणत्या गेल्या हे तपासायचे असेल, तर ‘आलेली’ प्रजाती म्हणजे निव्वळ मागच्या वेळी वेगळ्या नावाने लिहिलेली प्रजाती असू शकते. म्हणून आधी कुंजी, मग अनुक्रमण, म्हणजे जागेवरच्या जीवांचा काळाबरोबर होणारा बदल.

कुंजी उघडण्याआधी

द्विभाजी कुंजीत प्रत्येक टप्प्यावर दोन पर्याय असतात. समोरच्या नमुन्याला लागू पडेल तो निवडायचा आणि त्यापुढे दिलेल्या क्रमांकाच्या टप्प्यावर जायचे, असे नाव मिळेपर्यंत. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांनी १७७८ मध्ये फ्रान्समधल्या वनस्पती ओळखण्यासाठी ही पद्धत पुस्तकभर वापरली, तीही सामान्य वाचकाला जमावे म्हणून.

कुंजीची प्रस्तावना लोक सहसा वाचत नाहीत. ती वाचा. कुंजी कोणत्या प्रदेशासाठी आहे, कोणत्या गटासाठी आहे, फक्त प्रौढांसाठी की अळ्यांसाठीही, फक्त नरांसाठी का, फुले असतानाच चालते का, हे तिथेच लिहिलेले असते. कोळ्यांच्या कितीतरी प्रजाती प्रौढ झाल्याशिवाय प्रजातीपर्यंत ओळखताच येत नाहीत, कारण निर्णायक लक्षणे जननेंद्रियांत असतात. अशा वेळी पिल्लू घेऊन तासभर झगडण्यात अर्थ नाही.

साहित्य थोडेच लागते: १० पट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरची पट्टी, टोकदार चिमटी, एका बाजूने पांढरा व दुसऱ्या बाजूने काळा असा पुठ्ठा, पेन्सिल आणि वही. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवून धरायचे आणि वस्तू त्याच्याकडे आणायची. १० पट भिंगाचे नाभीय अंतर सुमारे २.५ सेंटिमीटर असते, म्हणजे वस्तूही तेवढीच जवळ हवी. हात लांब करून भिंग धरले तर छोटासा गोल तेवढा दिसतो आणि ‘भिंग खराब आहे’ असे वाटते.

नमुना एकच घेऊ नका. मोजमापाच्या लक्षणासाठी निदान पाच पाने किंवा पाच कीटक मोजून किमान आणि कमाल दोन्ही लिहा. वनस्पतीचा नमुना म्हणजे नुसते पान नव्हे. पेर दिसेल अशी फांदी, खालची आणि वरची पाने, फूल, फळ आणि खोडाची साल अशा सगळ्यांची नोंद हवी. फोटो काढताना पट्टी शेजारी ठेवा आणि पानाची मागची बाजू विसरू नका. केस, ग्रंथी आणि शिरांचा उठाव बहुधा तिथेच असतो. संरक्षित क्षेत्रात किंवा एखादेच झाड असेल तिथे तोडायचे नाही. फोटो आणि मोजमापावर भागवायचे.

टप्पे वाचण्याची रीत

दोन्ही पर्याय शेवटपर्यंत वाचा, मगच निवडा. पहिला पर्याय बरोबर वाटला की दुसरा न वाचताच पुढे जायचा मोह होतो, पण दुसऱ्यात नेमका तुमचा नमुना अधिक अचूक वर्णिलेला असू शकतो. पर्यायात तीन लक्षणे दिली असतील, तर सहसा पहिले सर्वात भरवशाचे असते आणि उरलेली आधाराला असतात.

गेलेला मार्ग वहीत लिहा: १ब–४अ–५ब, असा. कुठे शंका होती तिथे प्रश्नचिन्ह टाका. शेवटी नाव पटले नाही, तर पहिल्यापासून सुरुवात न करता त्या प्रश्नचिन्हापाशी परतता येते. लक्षण दिसतच नसेल, उदाहरणार्थ फळ विचारले आहे आणि झाडावर फळ नाही, तर दोन्ही वाटांनी जा. दोन नावे मिळतील, आणि बहुतेक वेळा त्यांतले एक वर्णन वाचताच बाद होते.

वनस्पतींत सर्वाधिक फसवणारा टप्पा म्हणजे साधे पान की संयुक्त (एकाच देठावर अनेक पर्णिका, म्हणजे छोट्या पानांसारखे भाग, असलेले). पर्णिकेला पान समजले की पुढचे सगळे चुकते. तपासणी सोपी आहे: देठाच्या बेचक्यात कळी शोधा. जिथे पानाचा देठ खोडाला मिळतो तिथे कळी असते. पर्णिकेच्या बुडाशी ती नसते. कळी इतकी बारीक असू शकते की भिंगाशिवाय दिसत नाही. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे पाहतानाही फांदीच्या टोकाकडे पाहू नका. तिथे पेरे दाटीने असतात आणि एकाआड एक असलेली पानेही समोरासमोर भासतात.

कीटकांत पंखांची संख्या असाच घोळ घालते. माशीला दोन पंख, मधमाशीला चार. पण मधमाशीचे मागचे पंख बारीक आकड्यांनी पुढच्या पंखांत अडकलेले असतात, त्यामुळे बसलेली मधमाशी दोन पंखांचीच दिसते. माशीत मागच्या पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखे दोन छोटे अवयव असतात. मोजता न आलेल्या पंखांपेक्षा त्या अवयवांवर जास्त भरवसा ठेवा.

सरावासाठी एक कुंजी

कुजणाऱ्या पालापाचोळ्यात हमखास सापडणाऱ्या संधिपाद (सांधे असलेल्या पायांच्या) प्राण्यांची ही छोटी कुंजी. ती प्रौढांसाठीच आहे, आणि गटापर्यंतच नेते.

१अ. पायांच्या ३ जोड्या — २ वर जा
१ब. पायांच्या ४ किंवा अधिक जोड्या — ४ वर जा

२अ. पाठीवर पंखांची कठीण झाकणे, मध्यावर सरळ रेषेत एकमेकांना भिडणारी — भुंगेरा
२ब. अशी झाकणे नाहीत — ३ वर जा

३अ. छाती व पोट यांमध्ये बारीक कंबर, तिच्यावर एक किंवा दोन गाठी. मिशा कोपरासारख्या वाकलेल्या — मुंगी
३ब. कंबर नाही, पोटाखाली दुमडून ठेवलेला, उडी मारायला लागणारा दुभंगलेला अवयव — स्प्रिंगटेल

४अ. पायांच्या नेमक्या ४ जोड्या — ५ वर जा
४ब. पायांच्या ७ किंवा अधिक जोड्या — ७ वर जा

५अ. पुढे विंचवासारख्या नांग्या, पण शेपूट नाही — छद्मविंचू
५ब. नांग्या नाहीत — ६ वर जा

६अ. शरीराचे दोन भाग, मध्ये अरुंद जोड — कोळी
६ब. शरीर एकसंध — माइट

७अ. पायांच्या नेमक्या ७ जोड्या — वुडलाऊस
७ब. त्याहून जास्त — ८ वर जा

८अ. प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी — गोम
८ब. बहुतेक खंडांना पायांच्या दोन जोड्या — वाणी

आता ही कुंजी मोडून पाहा. ती कुठे फसते हे कळणे हाच खरा सराव आहे. माइटच्या पिल्लाला तीनच जोड्या पाय असतात. ते १अ, २ब असे जात तिसऱ्या टप्प्यावर पोचते आणि घाईत ‘स्प्रिंगटेल’ म्हणून नोंदले जाते. भुंगेऱ्याची अळीही तिथेच पोचते: तीन जोड्या पाय, झाकणे नाहीत, कंबर नाही. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या वाणीलाही सहसा तीनच जोड्या असतात. वुडलाऊसच्या पिल्लाला सहा जोड्या असतात, म्हणजे त्याला चौथ्या टप्प्यावर जागाच नाही. माशीच्या अळीला पायच नसल्याने ती पहिल्याच टप्प्यावर अडकते, आणि ते त्यातल्या त्यात बरे, कारण तिथे चूक निदान कळते. यातल्या तिघांना वाचवणारी गोष्ट म्हणजे ३ब मधला उडीचा अवयव. तो प्रत्यक्ष दिसला नाही तर ‘स्प्रिंगटेल’ लिहायचे नाही. काही खरे स्प्रिंगटेलही या अवयवाविना असतात, तेव्हा अशा वेळी ‘अनिश्चित’ हेच प्रामाणिक उत्तर.

आणखी एक सापळा: काही वुडलाऊस आणि काही आखूड वाणी, दोघेही धोक्याच्या वेळी गोळी होतात. म्हणून अशा प्राण्यांसाठी वर्तन हे लक्षण घ्यायचे नाही. गोळी उलगडेपर्यंत थांबून खंडाला किती पाय ते मोजायचे.

नाव मिळाल्यावर

इथेच थांबतात बरेच जण. मिळालेल्या नावाचे पूर्ण वर्णन काढा आणि कुंजीत न विचारलेली निदान तीन लक्षणे नमुन्याशी ताडून पाहा. मग प्रदेश, अधिवास आणि हंगाम जुळतो का ते पाहा. पाणथळीतली प्रजाती कोरड्या खडकावर ‘सापडली’ असेल, तर आधी स्वतःच्या ओळखीवर संशय घ्या.

प्रजातीपर्यंत जाता आले नाही तर कुळावर थांबा. खात्रीचे कुळ हे डळमळीत प्रजातीपेक्षा केव्हाही उपयोगी. सारख्या दिसणाऱ्या नमुन्यांना ‘माइट, प्रकार ३’ असा क्रमांक द्या, त्याचा एक नमुना किंवा फोटोंचा संच जपून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक खेपेला त्याच्याशी ताडून तोच क्रमांक वापरा. अनुक्रमणाच्या अभ्यासाला नाव कळण्यापेक्षा ते सातत्याने वापरणे अधिक लागते.

कवक किंवा रानवनस्पती खाण्यायोग्य आहे का, हे मात्र कुंजीवरून कधीही ठरवू नका. वर दाखवल्या तशी एक चूक तिथे जिवावर बेतते.

स्वतःची कुंजी करायची असेल तर आधी तक्ता मांडा: उभ्या रकान्यात जीव, आडव्यात लक्षणे. गटाचे साधारण निम्मे-निम्मे भाग पाडणारे लक्षण पहिल्या टप्प्यावर घ्या, म्हणजे वाट लहान राहते. प्रत्येक जीव एकदाच येत असेल तर दहा जीवांना नऊ टप्पे लागतात, नेहमी एक कमी. संख्या जुळली नाही तर कुठेतरी टप्पा सुटला आहे. दोन्ही पर्याय एकाच अवयवाबद्दल बोलले पाहिजेत. ‘मोठे’, ‘लहान’, ‘गडद’ असे शब्द काढून तिथे मिलिमीटर घाला. मग ती कुंजी ज्याला हे जीव ठाऊक नाहीत अशा माणसाच्या हाती द्या आणि गप्प बसा. तो अडखळेल तिथेच दुरुस्ती.

पाचोळ्यातले जीव गोळा करणे

यासाठी उष्णतेचे नरसाळे वापरतात. रुंद नरसाळ्यात २ ते ३ मिलिमीटरची जाळी बसवा, तिच्यावर पाचोळ्याचा ४–५ सेंटिमीटरचा थर पसरा, खाली ७० टक्के अल्कोहोलची बाटली लावा आणि वर २५ ते ४० वॉटचा तापणारा दिवा सुमारे २५ सेंटिमीटरवर टांगा. एलईडी तापत नाही, तो इथे कामाचा नाही. पाचोळा वरून सुकत जातो आणि ओलाव्याच्या शोधात प्राणी खाली सरकत बाटलीत पडतात. दोन ते तीन दिवस लागतात. दिवा फार जवळ आणला की वरचा थर झपाट्याने सुकतो आणि नाजूक स्प्रिंगटेल वाटेतच मरतात. नमुन्यात मग भुंगेरेच जास्त दिसतात. अल्कोहोल पेट घेते, म्हणून दिवा पक्का बांधा आणि बाटली नरसाळ्याला नीट बसवा. मोजताना द्रवाच्या पृष्ठभागावरही पाहा, कारण काही स्प्रिंगटेल तिथे तरंगत राहतात.

अनुक्रमण म्हणजे ठरलेली रांग नव्हे

एखाद्या जागेवरचा जीवसमुदाय काळाबरोबर बदलत जातो, ते अनुक्रमण. माती आणि बीजसाठा मुळातच नाही अशा जागी (थंड झालेला लाव्हा, हिमनदी मागे सरल्यावरची उघडी जमीन) ते प्राथमिक. माती शिल्लक आहे पण वनस्पती गेल्या आहेत (आग, सोडून दिलेले शेत) तिथे ते दुय्यम, आणि बरेच वेगाने होणारे, कारण बिया, मुळे आणि सूक्ष्मजीव आधीच हजर असतात.

शाळेत पाठ केलेली रांग अशी: आधी शैवाक (लायकेन), मग मॉस, मग गवत, झुडपे, शेवटी जंगल. ही रांग डोक्यात घेऊन मैदानात गेलात, तर दिसेल तेच त्यात बसवाल. आइसलँडजवळ १९६३ मध्ये ज्वालामुखीतून सुर्त्से बेट वर आले. तिथे पहिली फुलझाडाची रोपे १९६५ मध्ये सापडली, मॉस १९६७ मध्ये आणि शैवाक त्यानंतर, १९७० मध्ये. म्हणजे क्रम चक्क उलटा. समुद्रावरून वाहत आलेली बी आधी पोचली, इतके साधे कारण. पुढे कुरव पक्ष्यांची वसाहत झाली, त्यांच्या विष्ठेतून नायट्रोजन मिळाला आणि तिथली हिरवळ एकदम वाढली.

मागचे जीव पुढच्यांना कसे वागवतात याचे तीन नमुने पर्यावरणशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल आणि राल्फ स्लेटियर यांनी १९७७ मध्ये मांडले. पहिल्यात आधीचे जीव पुढच्यांची वाट सोपी करतात: अल्डर या झाडाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू नायट्रोजन बांधतात आणि माती सुधारते. दुसऱ्यात आधीचे असले-नसले तरी फरक पडत नाही. नंतरचे सावली सोसतात आणि हळूहळू वर येतात. तिसऱ्यात आधीचे जीव जागा अडवून बसतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या दगडांवर उल्व्हा हे हिरवे शैवाल लाल शैवालांना वाढू देत नाही. खेकड्यांनी उल्व्हा खाल्ले, की त्यांना संधी मिळते. एकाच जागी हे तिन्ही प्रकार एकत्रही दिसतात. तेव्हा ‘पुढे कोण येणार’ यापेक्षा ‘आत्ता कोण कोणाला अडवते आहे’ हा प्रश्न जास्त फळ देतो.

बरणीतले अनुक्रमण

जंगलाला शंभर वर्षे लागतात. वाळक्या गवताच्या काढ्याला तीन-चार आठवडे. सुरुवातीला हाच प्रयोग करा.

१ लिटर पाण्यात १० ग्रॅम वाळके गवत १० मिनिटे उकळा. ते थंड करून चार बरण्यांत सारखे वाटा आणि तोंडाला सैल कापूस लावा. एक-दोन दिवसांत पाणी गढूळ होते, कारण गवतावरच्या जिवाणूंचे बीजाणू उकळण्यातूनही तगतात. आता तीन बरण्यांत प्रत्येकी ५ मिलिलिटर डबक्याचे पाणी घाला. चौथीत काही घालू नका, ती तुलनेसाठी. सगळ्या थेट उन्हापासून दूर ठेवा.

दर दोन दिवसांनी पृष्ठभाग, मध्य आणि तळ अशा तीन ठिकाणांहून एकेक थेंब घ्या; प्रत्येक खेपेला ठिकाणे तीच. सूक्ष्मदर्शकाखाली १०० पट मोठे करून दहा दृश्यक्षेत्रांतले (दृश्यक्षेत्र म्हणजे एका वेळी दिसणारा गोल) जीव मोजा. या मोठेपणाला दृश्यक्षेत्राचा व्यास साधारण १.८ ते २ मिलिमीटर असतो, त्यावरून जीवाची लांबी अंदाजता येते. जीव पळत असतील तर थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाका.

ओळखताना आधी हालचालीचा अवयव पाहा. एक-दोन लांब चाबकासारखे तंतू असतील तर कशाभधारी. अंगभर किंवा तोंडाभोवती बारीक केस असतील तर पक्ष्माभधारी: मूत्रपिंडाच्या आकाराचा कॉल्पोडा, चपलेच्या तळव्यासारखा लांबट पॅरामिशियम, देठावरच्या घंटेसारखा आणि धक्का लागताच देठ गुंडाळणारा व्हॉर्टिसेला. शरीराचा आकारच वाहत बदलत असेल तर अमीबा. कशाभधारी आणि कॉल्पोडा सहसा आधी येतात, पॅरामिशियम मागाहून वाढतो, व्हॉर्टिसेला आणि अमीबा आणखी उशिरा. तुमच्या बरण्यांत क्रम थोडा हललेला दिसेल, तिन्ही बरण्यांतही तो तंतोतंत सारखा नसेल. तो फरक पुसू नका, नोंदवा.

घाण वास येऊन सगळे मेले, तर गवत जास्त झाले किंवा झाकण घट्ट होते आणि ऑक्सिजन संपला. चौथ्या बरणीत पॅरामिशियम दिसला, तर ड्रॉपर एकमेकांत वापरला गेला आहे. प्रत्येक बरणीला वेगळा ड्रॉपर हवा. या प्रयोगात शेवटी स्थिर चरमावस्था (फारशी न बदलणारी शेवटची अवस्था) येत नाही. अन्नाचा साठा ठरलेला असल्याने तो संपत जातो आणि समुदाय विरळ होतो. जंगलाशी तुलना करताना हा भेद सोडू नका.

मैदानात मोजणी

जमिनीवर चौकट मांडून तिच्यातले जीव मोजतात. चौकटीचा आकार जीवांप्रमाणे ठरतो: मॉस व शैवाकांना २५ × २५ सेंटिमीटर, गवत व लहान रोपांना १ × १ मीटर, झुडपांना ५ × ५ मीटर, झाडांना १० × १० मीटर. जागा यादृच्छिक आकड्यांनी निवडा. चौकट पाठीमागे फेकणे यादृच्छिक नाही. हात नकळत मोकळ्या जागेकडे वळतो. कडेवरच्या रोपांसाठी नियम आधीच ठरवा: दोन बाजूंवरची धरायची, समोरच्या दोन बाजूंवरची सोडायची. आच्छादनाची (प्रत्येक प्रजातीने चौकटीचा किती टक्के भाग झाकला त्याची) बेरीज १०० टक्क्यांहून जास्त आली तर घाबरू नका. थर एकमेकांवर येतात.

दोन जागांची तुलना करायला सोरेन्सन निर्देशांक पुरेसा आहे. एका जागी १२ प्रजाती, दुसरीत ९ आणि सामाईक ६ असतील, तर सामाईक संख्येची दुप्पट भागिले दोन्हींची बेरीज, म्हणजे १२ ÷ २१ = ०.५७. १ म्हणजे यादी तंतोतंत सारखी, ० म्हणजे काहीच सामाईक नाही. ओळखीत एकाच प्रजातीला दोन नावे पडली, तर हा आकडा लगेच खाली घसरतो.

झाडांच्या जागी एक मोजणी जरूर करा: मोठ्या झाडांची यादी एकीकडे आणि त्यांच्याच सावलीतल्या १ मीटरखालच्या रोपांची यादी दुसरीकडे. वर असलेल्या प्रजातीची रोपे खाली नसतील, तर पुढची पिढी वेगळी असण्याची शक्यता मोठी. आधी मात्र गुरे किंवा हरणे रोपे खाताहेत का ते पाहा.

काळ थांबून पाहता येत नाही, म्हणून वेगवेगळ्या वयाच्या जागा शेजारी मांडून क्रम लावतात. वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री काउल्स यांनी मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्यांवर असेच केले आणि ते १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले. सोय मोठी आहे, पण गृहीतकही मोठे: सगळ्या जागांचा इतिहास सारखा होता. अलास्कातल्या ग्लेशियर बेमध्ये हिमनदी मागे सरत गेलेल्या जागांची अशीच मालिका वर्षानुवर्षे पाठ्यपुस्तकांत दिली जात होती. १९९५ मध्ये झाडांच्या वार्षिक वलयांवरून तपासले गेले, तेव्हा जुन्या आणि नव्या जागा एकाच वाटेने गेल्या नव्हत्या असे दिसले; स्प्रूस हे सूचिपर्णी झाड किती लवकर आले आणि अल्डरचे दाट रान माजले का, यात जागोजागी फरक होता.

म्हणून प्रत्येक जागेचा उतार, दिशा, मातीची खोली, पीएच (आम्लता) आणि शेवटच्या आगीचे, तोडीचे वा नांगरणीचे वर्ष यादीसोबत लिहा. आणि चौकटींच्या कोपऱ्यांवर टिकाऊ खुंट्या ठोका. जीपीएस काही मीटरने चुकते, आणि १ मीटरच्या चौकटीला तेवढी चूक म्हणजे पुढच्या वर्षी भलतीच जागा.